एका आईची तीन लेकरं, तीन चर्च. मग चर्च नेमकं कशासाठी?

धाकटी_नगरची

सर्वांना सलाम. बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, नाव लिहीत नाही. मिशनच्या काळापासूनची मंडळी (म्हणजे आमच्या चर्चचा समाज) आहे, घरं जेमतेम तीस. आईनं त्या चर्चसाठी आयुष्यभर केलं. शनिवारी संध्याकाळी झाडलोट, दिव्याच्या काचा पुसणं (लाईट नंतर आली), आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत भाकर आणि रस वाटून घ्यायचा विधी) असायचं त्यासाठी बिनखमिराची भाकर आणि मनुका उकळून केलेला रस आमच्याच घरून जायचा. आम्ही तिघं भावंडं चुलीजवळ बसून भांड्यातला उरलेला रस चाटायला मिळेल म्हणून वाट बघायचो.

आता आम्ही तिघं तीन ठिकाणी आहोत. मी पिंपरीला, अजून त्याच जुन्या परंपरेच्या चर्चला जाते. मोठ्या भावानं बारा वर्षांपूर्वी एका नवीन मंडळीत जाऊन नदीत परत बाप्तिस्मा घेतला. मधल्या बहिणीचं लग्न वसईच्या कॅथलिक घरात झालं आणि ती मनापासून तिकडची झाली. एकमेकांवर जीव आहे आमचा, त्यात काही कमी नाही.

आई या जानेवारीत गेली. महिन्यानं गावी स्मरणभक्ती ठेवली, तिची इच्छा होती म्हणून शेवटी प्रभुभोजन ठेवलं. पाळकसाहेबांनी भाकर मोडली आणि भाऊ उठून बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिला. भाओजी जागेवर हात जोडून बसून राहिले. बहीण त्यांच्याकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि नुसती रडायची, ती पण उठली नाही. मी एकटीनं घेतलं. आईच्या तीन लेकरांतल्या एकीनं. घास गिळवेना मला.

रात्री भावाला विचारलं तर म्हणाला, लहानपणी शिंपडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा नाही, वचनात, म्हणजे बायबलमध्ये, तसं नाही. मी म्हटलं, मग आईचा पण तसाच झाला होता, मग आई कोण होती रे? तो गप्प बसला. खूप वेळ गप्प बसला.

तर माझे प्रश्न दोन. आपण एक का नाही, कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा. आणि चर्च असतं तरी कशासाठी, जर आईसाठी सुद्धा एका मेजावर बसता येत नसेल तर? पुढच्या जानेवारीत वर्षश्राद्धासारखं नाही म्हणणार मी पण वर्षाची भक्ती आहे. परत तसंच व्हायला नकोय.

---

नागपूरचा_जुना_मास्तर

ताई, सलाम. वाचून डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नाही पण पहिल्याचं थोडंफार आहे, कारण माझे वडील चर्चचे सेवक, म्हणजे पाळक होते आणि आमच्या घरात हाच विषय जेवताना चालायचा.

आपल्याकडं कोण कुठल्या मंडळीचा हे बहुतेकांच्या बाबतीत विश्वासानं ठरलेलं नाहीच, जिल्ह्यानं ठरलंय. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 ला मुंबईत उतरले, 1831 ला नगरला आले, म्हणून नगर-सोलापूरकडचे काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघणारी). पुणे-जालन्याकडं स्कॉटिश लोक, म्हणून तिकडचे प्रेस्बिटेरियन (निवडलेल्या वडीलजनांनी चालवलेली). कोल्हापूरकडं अमेरिकन प्रेस्बिटेरियन. अकोला-अमरावतीला अलायन्स मिशन, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, बुलढाणा-वाशीमला नाझरीन. मिशनांनी आपसांत भाग वाटून घेतले होते, एकमेकांच्या क्षेत्रात जायचं नाही म्हणून. हेतू भांडण टाळायचा होता आणि तो चांगलाच होता, पण झालं काय, मिशनवाल्यांच्या घरचे, बोस्टन आणि एडिंबरामधले फरक आपल्या आजोबांच्या अंगावर चढले आणि आजोबांना ते फरक काय आहेत हे कुणी विचारलंच नाही. अर्थात वाटणी सगळीकडं पाळली गेली असंही नाही, तुमच्या नगरमध्येच पुढं अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) पण आले आणि तिथून कुरबुरी सुरू झाल्या.

हे दुखणं आपल्या लोकांना फार आधी कळलं होतं. दक्षिणेत 1919 साली तरंगंबाडीला भारतीय सेवक जमले, बिशप अझरायांसारखी माणसं होती त्यात, आणि त्यांनी उघड सांगितलं की ही फूट आमची नाही, बाहेरून आलेली आहे. त्यातून 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया झालं. बिशप मानणारे आणि बिशप न मानणारे एका मंडळीत आले, असं आधी कुठं झालं नव्हतं. उत्तरेकडची बोलणी 1929 ला सुरू झाली आणि संपली 1970 ला. एक्केचाळीस वर्षं! जी माणसं पहिल्या बैठकीला होती त्यातली कितीतरी शेवट बघायला राहिलीच नाहीत.

29 नोव्हेंबर 1970, इथं आमच्या नागपूरला, ऑल सेंट्स कॅथेड्रल. मी बारा वर्षांचा होतो, वडील गेले होते. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मिळून जी आधीच एक झालेली होती ती, बाप्टिस्ट, ब्रेदरन, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट, डिसायपल्स, अशा सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. वडील घरी आल्यावर एकच गोष्ट परत परत सांगायचे, की वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले. तुझी सेवा अपुरी, माझी पुरी, असं कुणी म्हटलं नाही, सगळ्यांनी मान वाकवली. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

आणि ताई, तुमच्या भावाच्या मुद्द्याचं काय केलं त्यांनी ते मुद्दाम सांगतो. बाप्टिस्ट म्हणायचे बाप्तिस्मा समजत्या वयातच. बाकीचे लेकरांना द्यायचे. एका बाजूला हरवलं असतं तर काम सोपं होतं. त्यांनी दोन्ही ठेवलं. ज्या आईबापाला लेकराचा बाप्तिस्मा करायचाय त्यांनी करावा, ज्यांना नाही त्यांनी लेकरू समर्पण करावं आणि मोठं झाल्यावर त्यानं स्वतः घ्यावा. एका छपराखाली दोन्ही. म्हणजे ज्या गोष्टीवरून तुमचा भाऊ लिंबाखाली गेला ती गोष्ट सोडवायचा एक रस्ता 1970 सालीच कागदावर आलेला आहे.

अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐन वेळी बाहेर राहिले, ते दुःख वडिलांना शेवटपर्यंत होतं. आणि जे एक झाले त्यांचं सगळं गोड झालं असंही मी म्हणणार नाही, जमिनी आणि कोर्टकचेऱ्या कुठं नाहीत. चर्चची घटना, म्हणजे नियमावली एक झाली, माणसं व्हायची राहिली.

---

नव्यानं_जन्मलेला

जय ख्रिस्त. ताई मी तुमच्या भावाच्या बाजूचा आहे, म्हणजे मी पण जुन्या मंडळीतून बाहेर पडून परत बाप्तिस्मा घेतलेला. मारायला येऊ नका, नीट ऐका.

मी दारूत बुडालेलो होतो. अक्षरशः. लहानपणी माझा बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, नाताळला नवे कपडे घालून चर्चला, आणि बाकी वर्षभर कुणी विचारलं नाही की तू जिवंत आहेस का. ज्या घरगुती मंडळीत मी गेलो तिथं पंधरा माणसं होती, त्यांनी सहा महिने रोज रात्री माझ्या घरी येऊन प्रार्थना केली, बायकोला किराणा भरून दिला. त्या पाण्यात उतरलो तेव्हा माझ्यासाठी ते पहिल्यांदाच होतं, कारण पहिल्या वेळी मी झोपलेलो होतो आईच्या मांडीवर. त्यामुळं भाऊ हट्टानं बाहेर गेला असं लगेच समजू नका, त्याला कदाचित वाटलं असेल की आत बसलो तर देवानं माझ्यासाठी जे केलं ते मी खोटं पाडतो.

चर्च कशासाठी? माझ्यापुरतं सांगतो, मेलेला माणूस उठवायसाठी. मला दुसरं काही माहीत नाही.

पण. तुम्ही भावाला विचारलेला प्रश्न, "मग आई कोण होती", तो मला रात्रभर झोपू देईना. माझी आई पण तशीच होती. पहाटे चारला उठून माझं नाव घेऊन रडायची, बावीस वर्षं. मी सुटलो ते त्या रडण्यानं का त्या पंधरा जणांनी, हे मला वेगळं करता येत नाही. आणि जी माझ्यासाठी रडली तिचा बाप्तिस्मा खोटा असं माझ्या तोंडून निघणार नाही. आमच्या पास्टरला हे पटणार नाही कदाचित. पण मला आता पटलंय.

---

वसईची_कुपारीण

नमस्कार, मी वसईची, कॅथलिक. भाओजींच्या बाजूनं लिहावंसं वाटलं, कारण ते हात जोडून बसले हे वाचून मला कळलं त्यांच्या मनात काय चाललं असेल.

आमच्याकडं पोर्तुगीज 1534 ला आले, म्हणजे मास्तर सांगतायत त्या सगळ्या मिशनांच्या कितीतरी आधी, त्यामुळं आमच्या लोकांना नगर-जालन्याचे ख्रिस्ती म्हणजे कुणीतरी लांबचे असंच वाटत आलं, मला पण लहानपणी तसंच वाटायचं. कॉलेजात पहिल्यांदा नगरची मैत्रीण झाली आणि ती ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग गायला लागली तेव्हा मी थक्क, म्हटलं ही आमच्याच येशूची गाणी आणि मला एक सुद्धा माहीत नाही.

बाप्तिस्म्याबद्दल आधी सांगते कारण ते कळलं तर तुमच्या घरात थोडी शांतता होईल. पाण्यानं आणि पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावानं झालेला बाप्तिस्मा आमचं चर्च खरा मानतं, मग तो कुठल्याही मंडळीतला असो, परत देत नाही. म्हणजे तुमच्या आईचा बाप्तिस्मा रोमच्या लेखी पण पक्का आहे. तुमच्या बहिणीला सुद्धा परत दिला नसणार, विचारा हवं तर.

प्रभुभोजनाचं मात्र वेगळं. आमच्यासाठी ते नुसतं स्मरण नाही, तो ख्रिस्त स्वतः आहे असा विश्वास आहे, आणि एकत्र खाणं म्हणजे आपण पूर्ण एक झालो अशी ग्वाही. ती एकी अजून झालेली नाही म्हणून आम्ही दुसरीकडं घेत नाही आणि आमच्याकडं सहसा इतरांना देत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण भाओजी बसून राहिले त्यात तुमच्या आईचा अपमान नव्हता, उलट खोटं वागायचं नाही म्हणून ते बसले, आणि बायको शेजारी रडतेय हे बघत बसणं किती कठीण असेल.

सगळं थांबलेलं आहे असं पण नाही. 1964 ला व्हॅटिकन परिषदेनं एकीवर वेगळा दस्तऐवज काढला आणि इतरांना बंधू म्हटलं, त्याआधी आमच्या आजीला प्रॉटेस्टंट लग्नाला जायचं तर फादरना विचारावं लागायचं. ज्या मुद्द्यावरून ल्यूथरच्या काळात युरोप फाटला, माणूस देवापुढं नीतिमान कशानं ठरतो, त्यावर 1999 ला कॅथलिक आणि ल्यूथरन लोकांनी एकत्र निवेदनावर सह्या केल्या. दरवर्षी 18 ते 25 जानेवारी एकीसाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. आणि 2025 मध्ये निकायाच्या परिषदेला 1700 वर्षं झाली, तिच्या नावानं ओळखला जाणारा मतांगीकार (विश्वासाची कबुली) आम्ही पण म्हणतो, तुम्ही पण. "एक" हा शब्द त्यात मंडळीसाठी सगळ्यात पहिला येतो. दर रविवारी तोंडानं म्हणतो आपण सगळे.

तुमच्या आईची वर्षाची भक्ती जानेवारीत म्हणालात. तारीख कोणती ताई? त्याच आठवड्यात येत असेल तर बघा.

---

जालना_एक्सप्रेस

सगळे छान लिहितायत पण एक गोष्ट कुणी काढत नाहीये ती मी काढतो. फूट काय नुसती बाप्तिस्म्यावरून आणि बिशपवरून नाहीये. आमच्याकडं एकाच गावात एकाच मंडळीचे लोक बाकावर वेगवेगळे बसलेले मी पाहिलेत आणि कारण सगळ्यांना माहीत होतं, कोण कुठल्या वाड्यातून आलं ते. सोयरीक जुळवताना मंडळी नंतर विचारतात, जात आधी. मिशनवाल्यांनी जिल्हे वाटले म्हणता ना मास्तर, पण ते यायच्या आधीच आपण वाड्या वाटून बसलेलो होतो. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशानं आमच्या लोकांची सवलत गेली, सरकार म्हणतं तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला जात नाही, आणि चर्चमध्ये गेलं की परत जात. हे आधी सुटू द्या. ताईंच्या घरचं दुःख खरं आहे, पण एकी म्हटलं की मला हेच आठवतं, काय करू.

---

नागपूरचा_जुना_मास्तर

जालनाभाऊ, बरोबर बोललात. मी सांगायला हवं होतं, राहिलं. वडील शेवटी शेवटी हेच म्हणायचे.

---

पाळकीणबाई

सलाम सगळ्यांना. माझे यजमान तीस वर्षं पाळक होते, आता निवृत्त. धाकटे, तुझं वाचून मला तुझ्या आईचाच चेहरा दिसायला लागला, अशा बाया प्रत्येक गावात असतात आणि मंडळी खरं तर त्यांच्यावर उभी असते.

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण एक वचन सांगते जे लोक घाईत सोडून देतात. पौलानं करिंथच्या मंडळीला प्रभुभोजनाबद्दल एवढं खडसावून लिहिलं, अपात्रपणे खाऊ नका वगैरे, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याचा शेवट काय आहे? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. एवढंच. तिथं भांडण बाप्तिस्म्यावरून नव्हतं गं, सुखवस्तू लोक आधी येऊन खाऊन मोकळे व्हायचे आणि कामावरून उशिरा येणारे गरीब उपाशी राहायचे. जालन्याच्या दादांनी जे लिहिलं तेच ते. मला चर्चचा अर्थ त्या वचनात कळला. सगळे येईपर्यंत थांबणारी माणसं म्हणजे मंडळी.

आपल्याकडं असं थांबायचा प्रयत्न करणारे झालेत. पंडिता रमाबाईंनी 1883 ला इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला पण कुठल्या एका पंथाचं जोखड मानेवर घ्यायला त्या तयार झाल्या नाहीत, आणि केडगावला त्यांच्या मुक्ती आश्रमामध्ये कोण कुठल्या मंडळीची हे विचारून कुणाला आत घेतलं नाही, दुष्काळातल्या पोरी होत्या त्या. रेव्हरंड टिळकांनी तर 1917 ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा झालेले पण चालत, न झालेले पण चालत, येशूवर प्रेम असलं की झालं. दोन वर्षांत 1919 ला ते गेले आणि दरबार पुढं वाढला नाही. तरी आज उपासनासंगीत (आपलं गीतांचं पुस्तक) उघडलं की पानोपानी टिळक आहेत आणि ते गाताना कुणी विचारत नाही हे कुठल्या मंडळीचं गाणं.

आणि बायकांचं सांगू का, बायकांनी हे कधीच सुरू केलंय. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, दरवर्षी एका देशातल्या बायका ती भक्ती लिहितात, 2025 ला कुक आयलंडच्या बायकांनी लिहिली होती. आमच्या गावात त्या दिवशी सगळ्या चर्चच्या बायका एकत्र येतात, कॅथलिक सिस्टर येतात, साल्व्हेशन आर्मीच्या येतात, घरगुती मंडळीतल्या येतात. पुरुष मंडळी अजून बैठकीतच आहेत.

तर तुझ्या जानेवारीचं असं कर. त्या दिवशी प्रभुभोजन ठेवूच नको. आईची इच्छा मोडली असं मनाला लावून घेऊ नको, तिची इच्छा तुम्ही तिघांनी एकत्र बसावं ही होती. प्रीतिभोजन ठेव. पहिल्या शतकापासून ती रीत आहे, यहूदाच्या पत्रात नाव पण आहे. प्रार्थना, तिच्या आवडीची गाणी, प्रत्येकानं तिची एकेक आठवण, आणि मग पंगत. त्याला कुठल्याही चर्चचा नियम आडवा येत नाही, भाओजींना फादरना विचारायला नको आणि भावाला लिंबाखाली जायला नको. वचन भावाला वाचू दे. शेवटची प्रार्थना भाओजींना करायला सांग, प्रभूची प्रार्थना, ती सगळ्यांची एकच आहे. आणि गावातल्या सगळ्या वाड्यांत निरोप जाऊ दे, शेवटचं माणूस येईपर्यंत पान वाढू नको.

---

नव्यानं_जन्मलेला

आमेन पाळकीणबाई. भावाला हे वाचायला द्या ताई, त्याला माझा नंबर हवा असेल तर मेसेज करा, मी बोलतो त्याच्याशी.

---

धाकटी_नगरची

दोन दिवस काही लिहिता आलं नाही, ऑफिसमध्ये मोबाईलवर वाचत होते आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवून येत होते.

कुपारीण ताई, तारीख 22 जानेवारी आहे. त्याच आठवड्यात. मी कॅलेंडर बघून बसूनच राहिले. आणि बहिणीला विचारलं, बरोबर आहे तुमचं, तिला परत बाप्तिस्मा दिलेला नाही, आईचं आणि तिचं तेच पाणी. हे तिनं मला वीस वर्षांत कधी सांगितलं नाही कारण मी कधी विचारलं नाही.

जालन्याच्या दादा, तुमचं वाचून लाज वाटली. आमच्या गावात पण वरची आळी खालची आळी आहे आणि स्मरणभक्तीला खालच्या आळीतून दोनच माणसं आली होती, मी तेव्हा मोजली पण नव्हती. यावेळी मी स्वतः घरोघर जाणार आहे.

मास्तर, तुमच्या वडिलांची गोष्ट भावाला फोनवर वाचून दाखवली, हात ठेवल्याची. तो म्हणाला परत वाच. मग म्हणाला, येईन मी, वचन कोणतं वाचायचं ते मीच ठरवणार. म्हटलं ठरव बाबा. आई कोण होती त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि मी पण परत विचारलं नाही, पण फोन ठेवताना म्हणाला आईचं बायबल माझ्याकडं आहे, त्यात तिनं पेन्सिलीनं आपल्या तिघांची नावं प्रत्येक स्तोत्राशेजारी लिहिलीयत, घेऊन येतो.

पाळकीणबाई, पंगतीचं ठरलं. फक्त एक विचारायचंय, तो मनुकांचा रस मला पंगतीत सगळ्यांना द्यायचाय, प्रभुभोजन म्हणून नाही, आईच्या हातचा म्हणून. किती मनुकांना किती पाणी आणि किती वेळ उकळायचं? दीडेकशे माणूस होईल. बहिणीला पण आठवत नाही, आम्ही नुसतं चाटायचो.

---

पाळकीणबाई

मनुका रात्रभर भिजत घाल, काळ्या घे, बिया असल्या तरी चालतील. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर शिजव, मऊ झाल्या की हातानं कुस्कर आणि पातळ धोतराच्या फडक्यातून गाळ. पाण्याचं माप तुझ्या आईचं तुझ्या आईजवळ गं, मी चव बघून घालते. दीडशे माणसाला एकटीनं होणार नाही, भावाला आणि बहिणीला आदल्या दिवशीच बोलावून घे.